ऐकायची की वाचायची? चार कादंबऱ्या, चार उत्तरं

नुकत्याच संपवलेल्या चार मराठी कादंबऱ्यांपैकी दोन ऐकल्या, दोन वाचल्या. कुठलीही कादंबरी ऑडिओबुक म्हणून घ्यावी की छापील, असा प्रश्न पडला असेल तर पानांची संख्या बघू नका. गोष्ट कोण सांगतंय आणि ते किती वेळा थांबायला लावतं, ते बघा.

'मृत्युंजय' (१९६७) आणि 'ययाती' (१९५९) वरवर एकाच घरातल्या वाटतात. दोन्हींचं कथानक महाभारतातलं, दोन्हींत पात्रं आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. तरीही माझा कौल दोघींना वेगळा आहे. शिवाजी सावंतांची भाषा मुळातच मोठ्याने म्हणायची आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण अशी सहा जणांची स्वगतं, लांब पल्ल्याची वाक्यं, विशेषणांची आरास. कागदावर हीच आरास मला मधूनमधून जड होते, मग डोळा परिच्छेद ओलांडून पुढे पळतो. कानाला तसं पळता येत नाही आणि त्या वाक्यांची लय ऐकतानाच उलगडते. 'मृत्युंजय' ऐकाच.

'ययाती'च्या वि. स. खांडेकरांचं मात्र उलट. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा घटना सांगता सांगता वासनेबद्दल, प्रेमाबद्दल, त्यागाबद्दल विचार करू लागतात. तिथे पान मिटून बसावंसं वाटतं, मागचं एखादं वाक्य पुन्हा गाठावंसं वाटतं. ऑडिओत पंधरा सेकंद मागे जायचं बटण असतं खरं, पण दर दोन मिनिटांनी ते दाबायचं म्हणजे गोष्टच तुटते. शिवाय देवयानीची बाजू वाचताना ययातीने तोच प्रसंग कसा सांगितला होता ते पडताळून पाहण्यात मोठी गंमत आहे, आणि त्यासाठी पानं उलटता यायला हवीत. 'ययाती' वाचा, शक्यतो पेन्सिल हातात घेऊन.

भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' (१९६३) फसवी आहे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर इतका बोलल्यासारखा लिहितो की ती ऐकायलाच हवी असं वाटतं. मी वाचली आणि वाचायलाच सांगेन. त्याच्या सारख्या येणाऱ्या 'उदाहरणार्थ'मागे किती थट्टा आहे आणि किती वेदना, हे प्रत्येक वाचकाने स्वतः ठरवायचं असतं. ऑडिओत निवेदकाच्या सुराने ते आधीच ठरून जातं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग तर मला माझ्याच गतीने, गप्प राहून वाचायचा होता. डायरीच्या नोंदींचं तुटकपणही कागदावरच डोळ्यात भरतं.

'बनगरवाडी' (१९५५) छोटी आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं वर्णन मोजकं, माणसं मात्र भरपूर बोलतात, तीही माणदेशी बोलीत. कानावर पडल्यावर गावचा कारभारी समोर उभा राहतो. अट एकच: निवेदकाला ती बोली यायला हवी. नमुन्यातच संवाद गुळगुळीत, पुस्तकी वाटले तर पैसे घालवू नका, छापील प्रत घ्या. माझ्या मते ही कादंबरी दोन्ही रूपांत तितकीच उतरते.

ऑडिओबुक घेताना ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे आधी तपासा. नाट्यरूपांतर असेल तर ती वेगळीच कलाकृती समजा. वेग वाढवून ऐकायची सवय असेल तर माहितीपर पुस्तकांना ती चालते, 'मृत्युंजय'ला नको. त्यातल्या स्वगतांमधले विराम निवेदकाने जाणूनबुजून घेतलेले असतात आणि वेग वाढवला की आधी तेच गिळले जातात.