आउटबोर्डचा गळका ब्लॉक : वेल्डिंग करून घ्यावे की पॉवरहेड बदलावे?

आउटबोर्डचे, म्हणजे होडीच्या मागे बसवलेल्या इंजिनाचे, झाकण काढल्यावर ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या, ज्यातून थंडाव्यासाठी बाहेरचे पाणी फिरते) कडेने उतरलेली मिठाची पांढरी रेघ दिसली, तर तिचा उगम सापडेपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नये, कारण ती अनेकदा थर्मोस्टॅटच्या (ठराविक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाच्या किंवा सिलिंडर हेडच्या गॅस्केटपासून निघालेली असते आणि मग तेवढ्यावरच प्रश्न मिटतो. गॅस्केट निर्दोष निघाले आणि पाणी खुद्द धातूतूनच झिरपत असल्याची खात्री पटली, तरच ब्लॉक दुरुस्त करावा की पॉवरहेड (ब्लॉकसह इंजिनाचा वरचा सगळा भाग) बदलावे, हा विचार सुरू होतो. मी एकाच दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनावर आधी पहिला आणि नंतर दुसरा मार्ग पत्करला आहे. त्यामुळे माझे मत काहीसे एकांगी असू शकेल, हे आधीच सांगितलेले बरे.

दुरुस्तीची बाजू लंगडी मुळीच नाही. ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्याही पुढे टिकून राहतो, त्यामुळे हे साध्या वेल्डिंगचे काम नसून एसी करंटवरील आर्गॉन वेल्डिंगचे आहे. हात सराईत असेल, तर जोड चांगला टिकतो. आत राहिलेले पाणी गोठून ब्लॉक तडकला असेल (गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते) किंवा ने-आण करताना मार बसून चीर पडली असेल, तर चिरेच्या दोन्ही बाजूंचा धातू निरोगी असतो, आणि अशा वेळी ब्लॉक बदलणे मला तरी उधळपट्टी वाटेल. बाहेरच्या भिंतीवरील बारीक छिद्राला इपॉक्सीसुद्धा चालून जाते, कारण थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडत असल्याने ती भिंत फारशी तापत नाही. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र इपॉक्सीवर विसंबू नये.

माझ्या ब्लॉकला चीर नव्हती. खाऱ्या पाण्याने आतून खाऊन पाडलेले, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते, आणि सगळा फरक तिथेच पडला. वेल्डरने छिद्राभोवती ग्राइंडर फिरवला, तेव्हा चकाकता धातू लागण्याऐवजी करडी भुकटी निघत राहिली, आणि शेंगदाण्याएवढा खळगा होईपर्यंत तो कडेकडेने कोरतच गेला. आर्गॉन लावल्यावर वितळलेल्या धातूत बुडबुडे फुटू लागले, कारण अशा ओतकामात मुरलेले मीठ आणि ओल कितीही धुतले, तापवून वाळवले, तरी पुरते निघत नाही. तीनदा कोरून पुन्हा भरल्यावर जोड जमला. ब्लॉक टाकीत बुडवून आत हवेचा दाब दिला, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही, आणि मी समाधानाने इंजिन जोडले. काही आठवड्यांतच त्या जोडापासून बोटभर अंतरावर पांढरी रेघ पुन्हा उमटली.

खरे तर गळतीने मला जेवढे पिडले नाही, तेवढे त्यानंतरच्या पहाऱ्याने पिडले. पाणी थेंबथेंबच येत होते आणि इंजिनही तापत नव्हते. पण होडी थांबली की झाकण उघडायचे, ब्लॉकच्या कडेवरून बोट फिरवायचे, ते जिभेला लावून खारट लागते का ते पाहायचे, आणि पुन्हा निघाल्यावर दर थोड्या वेळाने मागे वळून थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक तर झाली नाही ना, हे न्याहाळायचे. कोणाशीही बोलत असलो, तरी अर्धे लक्ष त्या धारेकडेच असे. एका मोसमानंतर मी त्याच मॉडेलचे वापरलेले पॉवरहेड आणले, ते बहुतांशी या कंटाळ्यापोटी.

हा मार्ग निष्कंटक आहे, असे कोणी समजू नये. ॲल्युमिनिअममध्ये बसवलेले स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या पाण्यात असे धरतात, की तापवून आणि तेल मुरवूनही त्यांतील एखादा तुटतोच, आणि मग ड्रिल मारून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावी लागते. माझे दोन तुटले. मात्र वेल्डिंगसाठीही पॉवरहेड उतरवावेच लागते, आणि वर उष्णतेने हेडची बैठक वाकली नाही ना, हे सरळ पट्टी व फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तपासावे लागते. वापरलेले पॉवरहेड घेताना दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांहून अधिक तफावत नसावी, एवढे सगळेच पाहतात. त्याहून मोलाचे म्हणजे थर्मोस्टॅटचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आतले जलमार्ग पाहणे, कारण तेथे पांढरे पोपडे धरलेले असतील, तर आपण आपलाच जुना ब्लॉक पुन्हा विकत घेत असतो.

ज्यांचे इंजिन गोड्या पाण्यातच चालते, त्यांनी माझे अनुभव बाजूला ठेवून खुशाल वेल्डरकडे जावे. इतरांनी एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी छिद्राभोवतीचा भाग टोकदार हत्याराने खरवडून पाहावा. चकाकी लागली तर वेल्डिंग जरूर करून घ्यावे, भुकटी निघत राहिली तर ते पैसे पॉवरहेडसाठी राखून ठेवावेत. हे मी खरवडून पाहिले नाही, आणि गॅस्केटचा संच दोनदा आणला.