उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या छायाचित्रणासाठी रेनॉक्स डीसीआर-२५०

उड्या मारणारे कोळी, म्हणजेच जंपिंग स्पायडर, जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाहीत. ते भक्ष्य डोळ्यांनी हेरतात, दबकत त्याच्या जवळ जातात आणि मग झेप घेतात. समोर आलेल्या कॅमेऱ्याकडेही ते असेच वळून रोखून पाहतात आणि त्यांची ही सवय छायाचित्रकाराच्या पथ्यावर पडते. अडचण असते ती आकाराची. आपल्या घराच्या भिंतींवर आणि बागेतल्या पानांवर दिसणारे यांतले बहुतेक कोळी ३ ते १२ मिलिमीटरच्या दरम्यानचे असतात. एवढ्याशा जीवाचे डोळे स्पष्ट दिसावेत यासाठी महागडी मॅक्रो लेन्स घ्यावीच लागते, असा सर्वसाधारण समज आहे. रेनॉक्स या जपानी कंपनीचे डीसीआर-२५० हे जोडभिंग वापरल्यानंतर तो समज योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हे ८ डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) शक्तीचे, तीन काचांचे छोटेसे भिंग आहे. सोबत येणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपमध्ये ते बसवायचे आणि दोन्ही बाजूंची बटणे दाबून लेन्सच्या तोंडाशी अडकवायचे, एवढेच काम असते. ज्या लेन्सचा फिल्टरचा व्यास ५२ ते ६७ मिलिमीटर आहे, अशा कोणत्याही लेन्सवर ही क्लिप बसते.

मात्र ते कोणत्या लेन्सवर लावायचे, हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर तिच्या फोकल लेन्थला (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) १२५ ने भागून जो आकडा येतो तेवढे वर्धन मिळते, म्हणजे सेन्सरवर कोळ्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराच्या तितक्या पट उमटते. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर ते ५५ मिलिमीटरला जेमतेम ०.४४ पट भरते आणि कोळ्यासाठी ते अगदीच अपुरे आहे. हेच भिंग ५५-२५० च्या झूमवर लावले की १०० मिलिमीटरला ०.८ पट आणि २५० मिलिमीटरला पूर्ण २ पट वर्धन मिळते. कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर याचा अर्थ असा, की पहिल्या स्थितीत सुमारे २८ मिलिमीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो, तर दुसऱ्या स्थितीत फक्त ११ मिलिमीटरचा. या संपूर्ण बदलात भिंगापासून कोळ्यापर्यंतचे अंतर ११-१२ सेंटीमीटरच राहते, आणि माझ्या दृष्टीने हाच या जोडणीचा सर्वांत मोठा गुण आहे. पानावर सतत जागा बदलणारा कोळी आधी मोकळ्या चौकटीत शोधावा, त्याने तोंड वळवले की पुढेमागे न होता झूम फिरवून त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचावे. त्याला बिचकवणारी हालचाल त्यामुळे आपोआप टळते. ऑटोफोकस बंद ठेवून कॅमेराच किंचित मागेपुढे झुलवत फोकस साधायचा असतो. हात बसायला थोडा वेळ लागतो, पण एकदा बसला की ही पद्धत ऑटोफोकसपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

मिळणाऱ्या चित्राची प्रत मध्यभागी खरोखरच उत्तम आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/८ ते एफ/११ इतके लहान ठेवले की कोळ्याच्या डोळ्यांभोवतीचे केस एकेक वेगळे दिसतात. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगे जागची हलत नाहीत. हलतो तो आतल्या लांबट नळीच्या टोकाचा दृष्टिपटल. त्यामुळे फिकट रंगाच्या कोळ्याने नजर फिरवली, की आधी काळा दिसणारा डोळा क्षणात फिका होतो. हा बदल लागोपाठच्या दोन चित्रांत टिपता येतो आणि तो पाहताना मला आजही तितकाच आनंद होतो.

हेच डोळे प्रकाशयोजनेची कठोर परीक्षा घेतात, कारण ते बहिर्वक्र आरशासारखे वागतात. उघडा फ्लॅश वापरला तर प्रत्येक डोळ्यात एक बोचरा पांढरा ठिपका उमटतो आणि चकचकीत केसांचा तपशील उडून जातो. म्हणून भिंगाच्या वर, कोळ्याच्या जितके जवळ नेता येईल तितके जवळ, फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पांढऱ्या पातळ कागदाचा रुंद पडदा, म्हणजेच डिफ्यूझर, धरणे मी अनिवार्य मानतो. या खर्चाचा आणि खटाटोपाचा विचार भिंग घेतानाच केलेला बरा.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. झूमच्या रुंद टोकाला चौकटीचे कोपरे काळे पडतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवले तर कडा मऊ होतात आणि पांढऱ्या केसांना जांभळट झाक येते. २ पट वर्धनाला स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली मिलिमीटरच्या अंशाइतकीच उरते. विणकर मुंगीसारख्या दिसणाऱ्या कोळ्याच्या नराचे पुढे आलेले लांब जबडे आणि त्याचे डोळे एकाच चित्रात स्पष्ट येणे जवळजवळ अशक्य असते. क्लिप प्लास्टिकची आहे, त्यामुळे डिफ्यूझरचा भार तिच्यावर टाकू नये. ज्यांचे काम नियमित आहे त्यांनी भिंगाच्या ४३ मिलिमीटरच्या आट्यांना जुळणारी धातूची रिंग घ्यावी.

लाओवाची ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्सही २ पट वर्धन देते आणि तिच्या कडा अधिक स्वच्छ असतात, परंतु तिची किंमत कितीतरी अधिक आहे. शिवाय तिच्यावर वर्धन बदलले की अंतरही बदलावे लागते.

काही जण कोळी स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. हा प्रकार क्रूर आहे आणि इथे तर तो निरर्थकही आहे, कारण थोडा धीर धरला तर हा जीव स्वतःहून आपल्याकडे पाहतो. चित्र टिपताना केवळ चेहऱ्यावर समाधान न मानता पाठ, बाजू आणि तोंडाजवळचे पाल्प (आखूड पायांसारखे अवयव) यांचीही चित्रे घ्यावीत. ठाणे परिसरातल्या ज्या कोळ्याला २०२१ मध्ये सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘इशियस तुकारामी’ हे नाव मिळाले, तोही याच कुळातला आहे. नव्या जातीची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासूनच होते. तरीही एखादा कोळी नेहमीच्यांपेक्षा वेगळा आहे, अशी पहिली शंका येण्यापुरता तपशील या भिंगातून नक्कीच मिळतो.