प्लॅनेट झू : वाघाला अडवणारे, पण न दिसणारे कुंपण

ताडोब्याच्या बफर क्षेत्रालगतच्या आमच्या गावात कुंपण हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. रानडुक्कर तारेखालची माती उकरून शेतात शिरते, रोही (नीलगाय) तीच तार उडी मारून ओलांडतो आणि माकडांना तर तारेची दखलही घ्यावी लागत नाही. त्यामुळे कुंपण घालायचे म्हटले की ते कोणासाठी, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याला सर्वांत आधी पडतो. फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या ब्रिटिश कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये संगणकासाठी आणलेल्या ‘प्लॅनेट झू’ या गेममध्येही प्राणिसंग्रहालय उभारताना प्रत्येक पिंजऱ्यापाशी हाच प्रश्न सोडवावा लागतो, आणि गेले वर्षभर मी हा गेम खेळतो आहे तो मुख्यतः त्यासाठीच. म्हणून या परीक्षणात तिकिटे, दुकाने, नोकरांचे पगार यांविषयी मी लिहिणार नाही.

गेममध्ये तयार कुंपणांचे अनेक प्रकार मिळतात. उंची हवी तशी कमी-जास्त करता येते आणि चढणाऱ्या प्राण्यांसाठी कुंपणाचा वरचा भाग चढता न येण्याजोगा करण्याची सोयही आहे. ही कुंपणे काळानुसार झिजतात आणि वेळच्या वेळी मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली नाहीत, तर एक दिवस तुटतात. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. खरा आनंद मात्र पुढे आहे. ‘नल बॅरियर’ नावाचा एक प्रकार प्रत्यक्षात कुंपणच नसतो. ती जमिनीवर आखलेली केवळ हद्द असते. गेमच्या दृष्टीने पिंजऱ्याची सीमा ठरते, पण प्राण्याला अडवणारे तिथे काहीच नसते. अडवण्याचे काम आपण स्वतः उभ्या केलेल्या खडकांनी, भिंतींनी, काचांनी किंवा खोल चरांनी करायचे असते. जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हांबुर्गजवळ उघडलेल्या प्राणिसंग्रहालयात गजांऐवजी खंदक वापरून प्राणी उघड्यावर असल्यासारखे दाखवले होते. नल बॅरियरने घरबसल्या नेमके तेच करून पाहता येते.

माझा पहिला असा पिंजरा बंगाली वाघासाठी होता. काळ्या खडकांची उंच भिंत, आत बांबूची बेटे, मधोमध पाणी आणि एका बाजूला पाहणाऱ्यांसाठी मोठी काच, अशी ती रचना करायला मला चार रात्री लागल्या. वाघ आत सोडला आणि काही वेळातच तो पायवाटेवर उभा दिसला. लोक सैरावैरा धावत होते आणि पशुवैद्याने येऊन भुलीचे इंजेक्शन मारेपर्यंत मला काहीच करता आले नाही. भिंत मी दहा वेळा तपासली होती. चूक माझ्या वडिलांनी दाखवली. सोयाबीन आणि तुरीच्या शेतावर आयुष्यभर जागली केलेला हा माणूस माझ्या मागे उभा राहून क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “तो दगड भितीले लागून काहून ठेवला बाप्पा? त्याच्यावर पाय देऊन नाही का जाणार तो?” शोभेसाठी आतून ठेवलेला तो खडक म्हणजे वाघासाठी पायरी झाली होती.

त्यानंतर मी ‘ट्रॅव्हर्सेबल एरिया’ हा नकाशा पाहिल्याशिवाय कोणताही प्राणी आत सोडलेला नाही. प्राणी जिथे जिथे पोहोचू शकतो तेवढा भाग हा नकाशा रंगाने भरून दाखवतो आणि प्राणी बदलला की रंगाची व्याप्तीही बदलते, कारण प्रत्येकाची उडी, चढण्याची क्षमता आणि पोहणे वेगळे धरलेले आहे. रंग हद्दीबाहेर सांडलेला दिसला की समजावे, तिथे वाट आहे. माझ्या अनुभवात ही गळती बहुधा तीन ठिकाणी असते: दोन खडकांच्या सांध्यात, उतारावर जिथे आतली जमीन भिंतीच्या मानाने वर आलेली असते तिथे, आणि रखवालदाराच्या दाराच्या दोन्ही कडांना. दाराची जागा विशेष जपावी. भिंत आपण घडवतो, पण दार तयार मिळते, आणि त्या दोहोंत राहिलेली वीतभर फट पडद्यावर सावलीसारखी दिसते. गेम थांबवून ठेवून बांधकाम करता येते. त्या वेळेचा उपयोग कॅमेरा जमिनीपर्यंत खाली आणून पूर्ण हद्द एकदा फिरून पाहण्यासाठी करावा.

एक उणीव मात्र मला मनापासून खटकते. या गेममध्ये प्राणी कुंपणाखालची जमीन उकरून पळत नाही. त्यात आफ्रिकेतले वॉर्टहॉग हे रानडुकराचे भाऊबंद आहेत, तरीही कुंपणाचा पाया किती खोल न्यावा हा विचार कधी करावाच लागत नाही. आमच्याकडे झटका मशीन, म्हणजे तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारे यंत्र, लावूनही तारेखालची जागा दर आठवड्याला पाहावी लागते. बाकी इतक्या काळजीने घडवलेल्या खेळात ही बाजू असती, तर मी आणखी शंभर तास आनंदाने दिले असते.

खेड्यातल्या वाचकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. गेम जड आहे; आठ जीबी रॅमवर तो चालतो, पण खडकांची संख्या वाढली की सोळा जीबीची गरज जाणवते. गेममधल्या ‘फ्रँचायझी’ या ऑनलाइन खेळण्याच्या प्रकाराला इंटरनेट लागते, म्हणून जिथे नेट वारंवार जाते तिथे ‘सँडबॉक्स’ या मोकळेपणाने बांधत बसण्याच्या प्रकारात खेळावे, रचना शिकण्यासाठी तोच प्रकार योग्य आहे. मराठी भाषेची सोय नाही, पण इंग्रजी सोपी आहे आणि माझी आठवीतली पुतणी ती सहज वाचते.

सध्या मी आणि ही पुतणी अस्वलाचा पिंजरा बांधतो आहोत. आपल्या जंगलातले हे काळे अस्वल (इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’) मूळ गेममध्ये नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘युरेशिया’ संचात ते स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागते. मोहाखाली फुले वेचायला गेलेल्या माणसांना अस्वल कसे अचानक सामोरे येते हे पुतणीने घरात ऐकलेले आहे, त्यामुळे भिंत एक हात आणखी उंच करावी असा तिचा आग्रह आहे, आणि मी ती केली आहे.