मलेरियाशी लढताना: तापाची फौज की अँटिबॉडी?

घणसोलीला आमच्या शेजारच्या काकांना जुलैत व्हायवॅक्स जातीचा मलेरिया झाला. भर दुपारी दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. मधला दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही हुडहुडी आपल्याच पेशींची करणी. दर 48 तासांनी मलेरियाचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याचा कचरा रक्तात सांडतो आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-1 असे रासायनिक संदेश सोडतात. मग मेंदू तापमान चढवतो. ही फौज काही तासांत हजर, पण आंधळी. फाल्सिपेरम या मलेरियाच्या जास्त घातक जातीत तिचा अतिरेक रोग्यालाच भोवतो, म्हणून इंटरल्यूकिन-10 हा शांत करणारा संदेश लगाम खेचतो.

अँटिबॉडी म्हणजे ठरावीक जंतू ओळखून पकडणारी प्रथिनं; त्यांचं काम नेमकं, पण तयारीला आठवडा तरी जातो. त्यात फाल्सिपेरम सुमारे 60 जनुकं आलटूनपालटून वापरत तांबड्या पेशीवरचे प्रथिनांचे मुखवटे बदलत बसतो. तरी ताकद खरी: 1961 साली गँबियातल्या प्रौढांच्या अँटिबॉडी आजारी मुलांना टोचल्या, तेव्हा रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

माझा कौल अँटिबॉडीला. फक्त ती वारंवारच्या संसर्गानेच मुरते, आणि तेवढे डास कोणाला हवेत!

यकृतात दडून बसलेल्या व्हायवॅक्सपुढे मात्र दोघी फिक्या. त्यासाठी काकांना 14 दिवस प्रायमाक्विन हे औषध घ्यावं लागलं.