व्हॉल्व्ह, क्लास ए, एबी की डी: घरच्या गाण्यासाठी कोणता अ‍ॅम्प?

अ‍ॅम्पची (अ‍ॅम्प्लिफायरची) किंमत विचारण्याआधी स्पीकरच्या माहितीपत्रकातली सेन्सिटिव्हिटी पाहा. ती ८७ डेसिबल असेल, तर एका वॉटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. दिवाणखान्यात निवांत ऐकताना सरासरी एक वॉटही लागत नाही. पण तबल्याची थाप त्या सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उसळते आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॉट. अर्ध्या वॉटवर चाललेल्या गाण्याला क्षणभर ५० वॉट हवे असतात.

म्हणूनच ३००बी व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) सिंगल एंडेड, म्हणजे पूर्ण लहर एकाच व्हॉल्व्हवर सांभाळणारा अ‍ॅम्प मी सरसकट सुचवत नाही. त्याची ताकद जेमतेम ८ वॉट. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर आवाज थोडा वाढवला की थाप दबते. त्याला ९५ डेसिबलच्या पुढचे स्पीकर लागतात. असे स्पीकर असतील तर मात्र गळ्याचा गोडवा ऐकत राहावा असा. त्याची विकृती (डिस्टॉर्शन) मुख्यतः मूळ सुराच्या वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर पडते, म्हणून ती कानाला खुपत नाही. ईएल३४ व्हॉल्व्हची पुश-पुल जोडी (दोन व्हॉल्व्ह लहर आळीपाळीने ढकलतात) ३०-४० वॉट देते, तेवढ्यात बऱ्याच घरांचं भागतं. व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. शिवाय आत ३००-४०० व्होल्ट खेळत असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) उरतात. घरात लहान मुलं असतील तर जाळीचं झाकण हवंच.

क्लास ए मध्ये ट्रान्झिस्टर पूर्ण वेळ चालू असतात. २५ वॉटचा स्टिरिओ अ‍ॅम्प गाणं थांबलेलं असतानाही दीड-दोनशे वॉट खातो. २०० वॉट धरले आणि रोज चार तास ऐकलं, तर महिन्याला २४ युनिट. त्यात विदर्भातल्या मे महिन्यात खोलीत आणखी एक हीटर!

क्लास एबी मध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. अदलाबदलीच्या जागी सूर किंचित ओरखडतो आणि तो दोष हळू आवाजातच जास्त जाणवतो. रात्री तानपुरा अगदी हळू लावून ऐका. नीट बायस केलेल्या, म्हणजे शांततेतही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह वाहता ठेवलेल्या अ‍ॅम्पमध्ये तो खरखरीत वाटत नाही. बहुतेक घरांसाठी माझी पसंती यालाच. बिघडला तर गावातला चांगला मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो, सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

क्लास डी म्हणजे डिजिटल, हा गैरसमज आहे. इथे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, म्हणून उष्णता कमी आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. जुन्या डिझाइनमध्ये स्पीकर बदलला की वरच्या पट्टीचा तोल बदलायचा. अ‍ॅम्पचे डिझायनर ब्रूनो पुत्झेस यांच्या एनकोअरसारख्या रचनांमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या फिल्टरनंतरचा सिग्नल तपासून चूक सुधारली जाते (फीडबॅक), त्यामुळे ही अडचण उरत नाही. छोट्या फ्लॅटमध्ये, जास्त ताकद मागणारे स्पीकर असतील तर हाच घ्या. मात्र जाहिरातीतल्या वॉटवर जाऊ नका. टीपीए३२५५ या क्लास डी चिपचे ३१५ वॉट १० टक्के विकृतीला मोजलेले आहेत आणि तेही ४ ओहमवर, तगडा पॉवर सप्लाय असेल तरच. सोबत येणाऱ्या हलक्या अ‍ॅडॅप्टरवर त्यातले फार थोडे हाती लागतात.