हिरोशिमा दिनाच्या सभेला मेणबत्ती कोणती घ्यावी: पाकिटातली, टी-लाइट की एलईडी?

अणुबॉम्बच्या बळींच्या स्मरणाचे दिवस दोन: हिरोशिमा दिन ६ ऑगस्टला, नागासाकी दिन ९ ऑगस्टला. मुंबई-पुण्यात तेव्हा ऐन पावसाळा, म्हणजे वारा आणि ओल दोन्ही हजर. दिवाळीत घरी छान जळणारी मेणबत्ती इथे टिकेलच असं नाही.

किराणा दुकानातली पांढरी मेणबत्ती सगळ्यात स्वस्त, पण करंगळीएवढी बारीक असेल तर घेऊ नका. वाऱ्याने ज्योत झुकते, त्या बाजूची कड आधी वितळते आणि साठलेलं मेण थेट मनगटावर येतं. साधारण दोन सेंटिमीटर जाड, सहा इंची घ्या. तासाला इंचभर जळते, वाऱ्यात जरा जास्त. दीड तासाच्या सभेला पुरून उरते. बोटांना तेलकट लागणारं मऊ मेण लवकर ओघळतं. वात ओलसर असली की तडतडते, म्हणून पाकिटं आयत्या वेळीच फोडा.

खरा फरक मात्र कागदी ग्लासाने पडतो. चहाचा छोटा कप नको, ज्योतीच्या झळीने त्याची कड करपते. २०० मिलीचा ग्लास घ्या, तळाला ब्लेडने अधिकच्या चिन्हासारखी चीर द्या आणि मेणबत्ती खालून वर सरकवा. ज्योत काठाच्या तीन बोटं वर हवी. मेणबत्ती जळून खाली आली की पुन्हा वर ढकलायची. हे कुणी सांगत नाही आणि मग ग्लास पेटतो. प्लास्टिकचा ग्लास वितळतो, तो नकोच.

पेटवताना पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिच्याकडे वाकवायची. लोक नेमकं उलटं करतात आणि शेजाऱ्याच्या हातावर मेण सांडतं.

टी-लाइट, म्हणजे पत्र्याच्या वाटीतली बुटकी मेणबत्ती, हातात धरायला निरुपयोगी. फोटोंपुढे काचेच्या बरणीत बोटभर वाळूवर ठेवली तर उत्तम, फक्त वर आडोसा हवा: तापलेल्या काचेवर पावसाचे थेंब पडले की ती तडकते.

एलईडी मेणबत्ती पावसात तग धरते, शाळेच्या मुलांसाठी हीच घ्या. उजेड मात्र निर्जीव. बटण सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना, ते तपासा. लहान मुलाने सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.

शंभर माणसांसाठी १३० मेणबत्त्या, १२० ग्लास, सहा लायटर आणि वाळूच्या दोन बादल्या धरा. पेव्हर ब्लॉकवर सांडलेलं मेण घट्ट झाल्यावर पत्र्याने खरवडा, ओलं असताना पुसलं तर पसरतं आणि फरशी निसरडी होते.