मंजुरीची हमी देणारा फोटो: वर्क परमिटच्या अर्जात झालेली फसवणूक

वर्क परमिटच्या अर्जासोबत जोडायचा फोटो 'नियमात बसवून देतो आणि मंजुरीची शंभर टक्के हमी देतो' असे सांगणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने माझी फसवणूक केली. पैसे तर गेलेच. पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या फोटोमुळे माझा अर्ज त्रुटी दाखवून परत आला आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत अनोळखी लोकांच्या हाती पडली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण तीच मांडणी आणि तीच वाक्ये मला नंतर वेगवेगळ्या नावांखाली दिसली. एखादे नाव टाळून फार काही साधणार नाही. फसवण्याची पद्धत ओळखता आली पाहिजे.

'वर्क परमिट फोटो' असे शोधले की अगदी वर जे दुवे येतात, त्यांतील बरेचसे पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. 'प्रायोजित' हा शब्द बारीक अक्षरांत असतो आणि खालच्या मजकुरात 'अधिकृत', 'बायोमेट्रिक', 'इमिग्रेशन' असे वजनदार शब्द पेरलेले असतात. या साइटचे रंग आणि कोपऱ्यातले चिन्ह सरकारी वाटावे अशाच बेताने निवडलेले होते. आपला कोणत्याही सरकारशी संबंध नाही, हे वाक्य पानाच्या तळाशी, करड्या पार्श्वभूमीवर करड्याच अक्षरांत होते.

फोटो चढवल्यावर काही क्षण एक चक्र फिरले आणि मग लाल फुल्यांची यादी आली: डोके कललेले आहे, पार्श्वभूमी अमान्य आहे, प्रकाश असमान आहे, चेहऱ्याचे प्रमाण चुकले आहे. 'हा फोटो जोडल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो' असा इशारा त्याखाली होता, आणि त्याच्याही खाली 'तज्ज्ञांकडून दुरुस्ती करून घ्या' असे बटण. कोपऱ्यात सवलत संपण्याचे घड्याळ उलटे चालत होते. ज्याची नोकरी परवान्यावर अडून आहे आणि ज्याला अर्जाची मुदत डोळ्यांसमोर दिसते आहे, त्याला घाबरवायला इतके पुरते. पैसे भरले की त्याच फुल्यांच्या जागी हिरव्या खुणा उमटतात आणि सोबत 'अनुपालन प्रमाणपत्र' नावाचा एक कागदही मिळतो. त्या कागदाला कोणत्याही कार्यालयात काडीचीही किंमत नाही.

अर्ज परत आल्यावर मी एक साधी चाचणी घेतली. वेगळा ईमेल पत्ता वापरून, याच सेवेने 'दुरुस्त' करून प्रमाणपत्रासह दिलेला फोटो पुन्हा तिच्याच साइटवर चढवला. तेच चक्र फिरले आणि त्याच लाल फुल्या आल्या, त्याच क्रमाने. चक्र फिरत असताना फोटोची कसलीही तपासणी होत नव्हती, एवढे त्यातून माझ्यापुरते स्पष्ट झाले. हा सगळा प्रकार मी स्क्रीनवर चित्रित करून ठेवला आणि पुढे बँकेकडे तक्रार करताना हाच पुरावा सर्वांत उपयोगी पडला.

आता त्यांनी फोटोचे नेमके काय केले ते सांगणे आवश्यक आहे, कारण खरी मेख तिथे आहे. आकार बरोबर होता. तो कोणत्याही साध्या साधनाने करता येतो. परंतु फोटो मोठा करून पाहिल्यावर माझ्या उजव्या गालावरचा तीळ नाहीसा झालेला आढळला. कपाळावरची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होती, कानामागच्या केसांभोवती पांढरट कडा उरली होती, आणि डावा खांदा म्हणजे उजव्याच खांद्याची उलटी प्रत होती. शर्टाच्या शिवणीवरची सुरकुती दोन्ही बाजूंना अगदी आरशातल्यासारखी जुळत होती. फोटो देखणा दिसत होता यात शंका नाही. मात्र ओळखपत्राच्या फोटोने देखणे असावे असे कोणी सांगितलेले नाही. तो माणसासारखा असावा लागतो.

ही केवळ कार्यालयांची किचकट शिस्त नव्हे. प्रवासाच्या कागदपत्रांवरील छायाचित्रांचे मूळ निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत, आणि अनेक देशांचे नियम त्यावरच बेतलेले असतात. हा फोटो माणूस पाहतो तसेच यंत्रही पाहते. डोळे, नाक, हनुवटी यांची ठेवण प्रत्यक्ष चेहऱ्याशी ताडून पाहिली जाते. दोन माणसांचे चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून तयार केलेला फोटो यंत्राला दोघांशीही जुळतो असे वाटू शकते, हे इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले होते. असा एक पासपोर्ट दोघांना वापरता येऊ नये म्हणून जर्मनीने १ मे २०२५ पासून ओळखपत्रे, पासपोर्ट आणि निवास परवान्यांसाठी अर्जदाराने आणलेले कागदी फोटो घेणे थांबवले. फोटो कार्यालयातच काढावा लागतो किंवा नोंदणीकृत छायाचित्रकाराकडून सुरक्षित मार्गाने पाठवावा लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सूचनांतही संगणकीय फेरफार, फिल्टर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेले फोटो चालणार नाहीत असे म्हटले आहे. म्हणजे ही सेवा जी 'दुरुस्ती' विकत होती, तीच अर्ज अडकवणारी गोष्ट होती. मला आलेल्या पत्रातही फोटोमध्ये डिजिटल बदल केल्याचेच कारण दिले होते. सुदैवाने कार्यालयाने ते त्रुटी म्हणून नोंदवले. खोटी माहिती दिल्याचा आरोप झाला असता तर पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागले असते.

दुसरा खोटेपणा 'सर्व देशांसाठी एकच फोटो' या दाव्यात आहे. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटरचा चौकोनी फोटो लागतो. त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंतचे अंतर २५ ते ३५ मिलिमीटर असावे लागते आणि १ नोव्हेंबर २०१६ पासून व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही. कॅनडाच्या तात्पुरत्या वास्तव्याच्या अर्जांसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो लागतो आणि त्यात हेच अंतर ३१ ते ३६ मिलिमीटर असते. फ्रान्सची गोष्ट तर आणखी वेगळी: तिथे फिकट निळी किंवा फिकट करडी पार्श्वभूमी चालते, पांढरी चालत नाही. या सेवेने मात्र सर्वांना सरसकट पांढरीशुभ्र पार्श्वभूमी चिकटवण्याचा सपाटा लावला होता. ऑनलाइन अर्जात फाइलचे बंधन वेगळेच असते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जासाठी बाजू ६०० ते १२०० पिक्सेल आणि फाइल २४० केबीच्या आत हवी असते. हे सारे आकडे संबंधित खात्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात आणि अधूनमधून बदलतातही, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी मूळ पानच पाहावे. अनेक ठिकाणी फोटो बायोमेट्रिक केंद्रावरच काढतात आणि अर्जदाराने तो जोडण्याची गरजच नसते, हेही आधी तपासावे.

'नामंजूर झाल्यास दुप्पट परतावा' या आश्वासनाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. परताव्यासाठी नामंजुरीचे अधिकृत पत्र हवे, त्या पत्रात फोटो हे एकमेव कारण असावे आणि मागणी खरेदीच्या दिवसापासून ठरावीक मुदतीत यावी, अशा अटी होत्या. मुदत खरेदीपासून मोजायची आणि कार्यालयाचा निर्णय तर त्यानंतर कितीतरी काळाने येणार. मग ही अट पाळू कोण शकणार? शिवाय माझे पत्र 'त्रुटी'चे आहे, 'नामंजुरी'चे नव्हे, असे सांगून त्यांनी हात झटकले. भाषा अतिशय नम्र होती, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर त्यांचा खरा धंदा सुरू झाला. इमिग्रेशन खात्याच्या 'फोटो पडताळणी विभागा'तून बोलतो असे सांगणाऱ्या एका गृहस्थाचा फोन आला. माझा अर्ज परत आल्याचे त्यांना ठाऊक होते, कारण ती माहिती मी फक्त या सेवेच्या तक्रार खिडकीत लिहिली होती. 'तातडीची फेरतपासणी' करायची तर वेगळे शुल्क भरा आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड व ओटीपी सांगा, असा त्यांचा आग्रह होता. मी लेखी पत्र मागितले तेव्हा आवाज चढला आणि फोन बंद झाला. कोणतेही खाते अर्जदाराला फोन करून त्याचा पासवर्ड विचारत नाही. त्याच सुमारास कार्डाचे विवरण पाहताना दुसरी गोष्ट लक्षात आली: एकदाच भरायच्या शुल्काआड मासिक सदस्यत्व सुरू झाले होते आणि वजावट वेगळ्याच, ओळखू न येणाऱ्या नावाने होत होती. ज्यांनी अशा सेवेला कधीही पैसे दिले असतील, त्यांनी विवरणातील लहान रकमाही नीट पाहाव्यात.

पासपोर्टची प्रत त्यांनी 'चेहरा जुळवण्यासाठी' म्हणून मागून घेतली होती. फोटो कातरून आकारात आणण्यासाठी पासपोर्टची काहीही आवश्यकता नसते, आणि अशी मागणी झाली तर तिथेच थांबावे. चेहऱ्याचा स्वच्छ फोटो, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि स्वाक्षरी एकत्र मिळाली की दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणाऱ्याचे बरेचसे काम होते. माहिती पुसून टाकण्याची लेखी मागणी मी केली आहे, सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही कळवले आहे, जेणेकरून माझ्या नावाने भलताच अर्ज आला तर नोंद आधीपासून असेल.

नवा फोटो घरीच काढला. साध्या, फिकट भिंतीपासून थोडे पुढे उभे राहिले की सावली भिंतीवर पडत नाही; खिडकी समोर असावी, बाजूला नसावी. फोटो दुसऱ्या कोणी काढावा, डोळ्यांच्या उंचीवरून आणि दीड-दोन मीटर अंतरावरून, कारण हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. तोंड मिटलेले, डोळे उघडे, भुवयांवर केस नाहीत. फोनमधला चेहरा उजळवणारा पर्याय बंद करायला विसरू नये. काही फोनमध्ये तो आपसूकच सुरू असतो. मग फक्त कातरणे आणि मापात आणणे, बाकी कशाला हात लावायचा नाही. या फोटोत गालावरचा तीळ आहे, कपाळावरच्या रेषाही आहेत, आणि कार्यालयाने तो विनातक्रार स्वीकारला.

बँकेने मासिक वजावट थांबवली असून त्या रकमा परत मिळाल्या आहेत. मूळ शुल्काचा वाद मात्र चालू आहे. फाइल दिली म्हणजे सेवा पूर्ण झाली, असे त्या मंडळींचे म्हणणे आहे. विकली गेली ती फाइल नव्हे तर मंजुरीची हमी, आणि परवाना देण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांना ती देताच येत नव्हती, असे माझे उत्तर आहे. ते उत्तर मी जाहिरातीच्या पानाचे जपून ठेवलेले चित्र, अटींची त्या दिवशीची प्रत आणि लाल फुल्यांचे ते चित्रण जोडून बँकेकडे पाठवले आहे.